थांबण्याची ताकद कुठून येते

आज मिळणारे थोडे पैसे सोडून चार महिन्यांनी मिळणारे जास्त घ्यावेत, हे शहाणपण सांगायला सोपं. जो ते पाळत नाही त्याला आपण उतावळा म्हणतो, आणि तो गरीब असेल तर ‘म्हणूनच गरीब राहिला’ असंही म्हणून मोकळे होतो. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. थांबण्याची ताकद माणसाच्या स्वभावात कायमची कोरलेली नसते. त्या दिवशी डोक्यात काय चाललंय, त्यानुसार ती कमी-जास्त होते.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बाबा शिव आणि अलेक्झांडर फेडोरिखिन या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक आकडा लक्षात ठेवून दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं. वाटेत चॉकलेट केक आणि कापलेली फळं मांडली होती. दोन अंकी आकडा घोकणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी केक निवडला, सात अंकी घोकणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांनी. पाच अंकांचा जास्तीचा भार, एवढंच कारण. दुःखाचंही असंच. जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, दुःखद चित्रफीत पाहिलेले लोक पुढच्या मोठ्या रकमेपेक्षा लगेच मिळणाऱ्या लहान रकमेकडे जास्त वळले. किळस आणणारी चित्रफीत पाहिलेल्यांचं तसं झालं नाही. मन नुसतं बिघडण्याचा हा परिणाम नव्हे. काहीतरी गमावल्याची भावना हातात लगेच काहीतरी मागते.

प्रयोगशाळेतला आकडा दोन मिनिटांत विसरता येतो. कर्जाचा आकडा विसरता येत नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर बौद्धिक चाचणी घेतली गेली. तो अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. तोडणीआधी घरातल्या वस्तू गहाण पडलेल्या, उसाच्या बिलाची वाट पाहणं चाललेलं. तेव्हा त्याच माणसांचे गुण कमी पडले, पैसे आल्यावर वाढले. या निष्कर्षावर वाद आहे, तो लपवू नये. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर केलेल्या अशाच तपासणीत बुद्धीच्या चाचणीत फरक दिसला नाही. पण पगार व्हायचा होता तेव्हा लोक पैशाच्या बाबतीत मात्र अधिक अधीर होते.

यावरून मला बीडकडची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आठवते. ऊसतोडीला जाणारं जोडपं, म्हणजे एक कोयता, हंगाम सुरू होण्याआधीच मुकादमाकडून उचल घेतं. घरात दाणे संपत आलेले, दवाखाना, मुलीचं लग्न, मागची फेड. पुढचे कित्येक महिने कुणाच्या फडात राबायचं हे त्या घडीला ठरतं. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाचंही ठरून जातं. वर्षातला सगळ्यात मोठा सौदा वर्षातल्या सगळ्यात कठीण दिवसांत होतो, आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं.

यात विश्वासाचाही भाग आहे. रोचेस्टर विद्यापीठातल्या एका प्रयोगात आधी ज्या मुलांना दिलेला शब्द मोडला गेला, ती समोरची मिठाई न खाता दुसरीही मिळावी म्हणून सरासरी तीन मिनिटं थांबली; ज्यांना शब्द पाळल्याचा अनुभव होता ती बारा. ज्याचं बिल दरवर्षी लांबतं, त्याने हातात आलेलं घट्ट धरलं तर तो उतावळेपणा नव्हे, हिशेब आहे.

म्हणून उपदेशापेक्षा वेळ बदलणं मला महत्त्वाचं वाटतं. पश्चिम केनियात अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांना, पीक विकून पैसे हाती असतानाच, पुढच्या हंगामाचं खत पूर्ण किमतीला घ्यायला सुचवलं. फक्त ते घरपोच फुकट दिलं. खत वापरणारे वाढले, आणि पुढे खत घालायच्या वेळी किंमत निम्मी करून जितके वाढतात जवळपास तितकेच. आपल्याकडे ऊसतोड कुटुंबाला पावसाळ्यात बँकेकडून रास्त व्याजाने कर्ज मिळू लागलं, तर मुकादमाशी दराची बोलणी निदान भरल्या घरातून करता येतील.