थकलेली मजुरी, चक्रवाढ व्याजाने

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावाला लागायची गोळी हुकते आणि मराठे लढाई जिंकतात. ‘असं झालं असतं तर’ हा खेळ आपल्याला फार आवडतो. पण आपण तो हरलेल्या लढायांसाठी खेळतो. बुडवलेल्या मजुरीसाठी मराठीत कुणी खेळल्याचं माझ्या वाचनात नाही. अमेरिकेत ऑक्टेव्हिया बटलरनं 1979 साली ‘किंड्रेड’ लिहिली. तिची 1976 सालातली कृष्णवर्णीय नायिका गुलामांच्या मळ्यावर ओढली जाते आणि शेवटी एक हात गमावून परतते. जुन्या देण्याची झळ नव्या पिढीच्या अंगाला लागतेच, हे तिथले कथालेखक सोडत नाहीत.

तलासरी तालुक्यातल्या उधव्यात बसून अशी कथा लिहायची तर परग्रहावर जायला नको. इथल्या सावकाराची वहीच अद्भुतरम्य होती. लग्नासाठी थोडे रुपये उचलले की वारली तरुण त्याचा लग्नगडी व्हायचा. बायकोही त्याच्याबरोबर राबायची. वर्षं सरत, कर्ज सरत नसे. बाप मेला की ते पोराच्या नावावर चढे. अंगठा कशावर उठवला, हे अंगठेवाल्याला ठाऊक नसायचं. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं आहे. आज याच तालुक्यात असलेल्या झरी गावी 23 मे 1945 ला हजारो वारली जमले आणि वेठ बंद असं ठरलं. मागणी झाली रोज 12 आण्यांची. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती गेले.

आता कथा. समजा, एके सकाळी ती वही उलटी वाचता येऊ लागली. सावकाराचं येणं पुसलं गेलं, गड्याचं येणं उमटलं. एकच गडी घेऊ, त्याची दहा वर्षं. वर्षाला 300 दिवस, रोजचे 12 आणे, म्हणजे वर्षाचे 225 रुपये आणि दहा वर्षांचे 2,250. त्यावर फक्त 12 टक्के चक्रवाढ व्याज (सावकाराच्या मानानं हे दानधर्मच). 80 वर्षांनी आकडा होतो सुमारे 1 कोटी 95 लाख. बायकोची मजुरी अजून धरलेलीच नाही.

कुणी म्हणेल, हा वेडेपणा आहे. असेल. पण मेलेल्या माणसाचं कर्ज त्याच्या पोराकडून वसूल करणं तेव्हा शहाणपणाचं मानलं जात होतं. हिशोबाची रीत तीच ठेवली, फक्त पान उलटलं.

खऱ्या जगात 2006 चा वनहक्क कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द आहेत. सरकारनं असं लिहून देणं ही लहान गोष्ट नव्हे. मात्र आपण 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ही जमीन कसतोय, याचा पुरावा ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच आणायचा. मिळेल ती कसत असलेलीच जमीन, तीही जास्तीत जास्त 4 हेक्टर. वेठीच्या थकलेल्या मजुरीबद्दल त्या कायद्यात एकही कलम नाही.