नाही म्हणणारा मुलगा

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या एकविसाव्या अध्यायात दोन मुलांची गोष्ट आहे. बाप एकाला सांगतो, आज द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. तो तोंडावर नाही म्हणतो. मागाहून त्याला वाईट वाटतं आणि तो जातो. दुसरा लगेच हो म्हणतो आणि जात नाही. दोघांपैकी बापाचं कोणी ऐकलं, एवढंच येशू विचारतो.

मला त्या पहिल्या मुलाविषयी फार आस्था वाटते. ख्रिस्ताची शिकवण कानावर पडल्यावर सगळ्यांनी एकाच वेगाने, एकाच शब्दांत होकार द्यावा अशी आपली अपेक्षा असते. घरातलं कोणी रेंगाळलं, वाद घालू लागलं, तर आपण त्याला विश्वासात कच्चं ठरवून मोकळे होतो. टिळकांच्या घरात काय झालं ते अशा वेळी आठवावं. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. वाचत वाचत ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर मात्र आकाश कोसळलं. त्यांचं ‘नाही’ साधंसुधं नव्हतं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. पुन्हा एकत्र राहायला आल्यावरही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. आणि टिळकांनी ते चालू दिलं. टिळकांच्या साऱ्या धर्मकार्यात मला ही गोष्ट फार मोठी वाटते: ज्या शिकवणीसाठी त्यांनी गणगोत सोडलं, ती त्यांनी बायकोच्या गळी उतरवली नाही.

लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला तो सोवळ्यापासूनच. जात देवाने केली की माणसांनी? माणसांनीच केली, असं मनाशी ठरल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतरचा. आधी पाण्याचा तांब्या बदलला, मग धर्म. शिकलेल्या, कवी असलेल्या नवऱ्याला ख्रिस्त पानांतून भेटला; शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला तो स्वयंपाकघरात भेटला. टिळकांच्या मागे त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतलं तेही याच नाही म्हणणाऱ्या बाईने.

पंडिता रमाबाईंची तऱ्हा आणखी निराळी. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण चर्च सांगेल ते मुकाट मानायला त्या तयार नव्हत्या. आपल्याला पटेल तेवढंच मानू, असं त्यांनी आपल्याला धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टर जेराल्डीनना पत्रांमागून पत्रं लिहून बजावलं. याच रमाबाईंनी पुढे दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुली-बायकांना केडगावला आसरा दिला. गांधीजींनी तर बाप्तिस्मा घेतलाच नाही. लंडनला शिकत असताना वाचलेलं डोंगरावरील प्रवचन मात्र त्यांनी जन्मभर सोडलं नाही.

आता दुसऱ्या मुलाकडे पाहायला हवं, कारण रविवारी उपासनेला बसणारे आपण बहुतेक त्याच्याच जातकुळीचे आहोत. आमेन म्हणायला आपल्याला वेळ लागत नाही. पण स्वयंपाकघरातल्या खिडकीशी तो एक कप असतो ना, कान तुटलेला, घरकामाला येणाऱ्या ताईंसाठी बाजूला ठेवलेला? चहा त्यातच ओतायचा, विसळायचा त्यांनीच, आणि परत तिथेच पालथा घालायचा. समोरच्या भिंतीवर क्रूस. कुणी क्रूरपणे वागत नाही. चहात साखरही आठवणीने घातली जाते. तरीसुद्धा लक्ष्मीबाईंनी शंभरेक वर्षांपूर्वी टाकून दिलेलं सोवळं आपण अजून जपून ठेवलं आहे. तामिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली, हे वाचून आपण हळहळतो. ती भिंत आणि हा कप यांत अंतर फार नाही.

म्हणून घरातला मुलगा चर्चला यायचं नाही म्हणाला, तर लगेच दुखावून जाऊ नये असं मला कळकळीने वाटतं. तो कदाचित शेजारच्या आजोबांना दवाखान्यात घेऊन जात असेल, कपाविषयी घरात तोच पहिल्यांदा बोलेल. त्याला थोडा वेळ द्यावा, टिळकांनी दिला तसा.

येशूने ही गोष्ट सांगितली ती यरुशलेमच्या मंदिरात, मुख्य याजक आणि वडीलजनांना. साऱ्या आयुष्याचं ‘हो’ अंगावर पांघरून उभी असलेली ही माणसं. जकातदार आणि वेश्या देवाच्या राज्यात तुमच्या पुढे जात आहेत, असं त्याने त्यांना तोंडावर सुनावलं. पण तुम्हाला आता मळ्यात जागा नाही, असं या गोष्टीत तरी तो म्हणाला नाही.