कशाला मागणी आहे?

‘सध्या कशाला मागणी आहे?’ हा प्रश्न एरवी धान्याच्या पेठेत शोभावा. पण निकाल लागले की तो शाळेच्या ओट्यावर ऐकू येतो. विचारणाऱ्या बापाला मी हसत नाही. कर्ज काढून मुलाला शिकवणाऱ्याने भाकरीची चौकशी करू नये, असे सांगणाऱ्यांची पोटे बहुधा भरलेली असतात.

शिवाय आपल्या विद्यापीठांचा जन्मच मुळी चाकरीच्या हिशेबातून झाला. सरकारी कामाला लायक माणसे मिळावीत, हा १८५४ च्या वुडच्या खलित्यातला एक हेतू होताच. त्याच खलित्यामुळे १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले. गंमत अशी, की १८६२ च्या पहिल्या बी. ए.च्या तुकडीत रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. रानडे पुढे न्यायमूर्ती झाले; सरकारची मागणी पुरी झाली. पण सामाजिक परिषदेची मागणी कोणत्या साहेबाने नोंदवली होती?

तरीही कॉलेजांनी बाजाराकडे पाठ फिरवावी, असे मी म्हणणार नाही. माझी शंका निराळी आहे. मागणीचा अंदाज चुकला, तर त्याची किंमत कोणी भरायची?

आमच्याच पेशाचे पाहा. बारावीनंतर दोन वर्षांचे डी. एड. करावे आणि शाळेत चिकटावे, असा एक काळ होता. ती मागणी पाहून महाराष्ट्रात डी. एड.ची कॉलेजे कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणे उगवली. पुढे भरती अडली. २०१३ साली शिक्षक पात्रता परीक्षाही आली. पदविका घेतलेली मुले किराणा दुकानात पुड्या बांधताना दिसू लागली. वर्ग ओस पडले, कॉलेजे बंद झाली. रिकाम्या इमारतीत दुसरा अभ्यासक्रम सुरू करता येतो; इमारतीचे वय वाया जात नाही. मुलाची दोन वर्षे आणि बापाने विकलेले वावर मात्र परत येत नाही. अंदाज बांधणारा एक आणि भोगणारा दुसरा, हा कुठला न्याय?

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने व्यवसायशिक्षणावर भर दिला, चार वर्षांच्या पदवीची वाट मोकळी केली. ठीक आहे. पण बाजार चार वर्षे थांबत नाही. टंकलेखनाचे वर्ग आठवा. गोदरेजने १९५५ साली देशी टंकयंत्र काढले. आज ती यंत्रे भंगारात सापडतात. त्या वर्गात ज्यांनी नुसती बोटे चालवली, ते यंत्राबरोबर मागे पडले. ज्यांनी शुद्ध मजकूर लिहिण्याची, पत्राचा आशय नेमका पकडण्याची सवय लावून घेतली, त्यांना संगणकापुढे बसणे फारसे जड गेले नाही. अभ्यासक्रमात हा दुसरा भाग किती, हे कोणी विचारत नाही, कारण तो जाहिरातीत दिसत नाही.

निदान एक करावे. नोकरीचे नाव घेऊन प्रवेश देणाऱ्या प्रत्येक कॉलेजाने माहितीपुस्तकात स्वच्छ छापावे: गेल्या पाच वर्षांत किती विद्यार्थी बाहेर पडले, त्यांतले किती त्याच कामाला लागले आणि किती नाही. हसऱ्या विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांशेजारी तीन आकड्यांपुरती जागा सहज निघेल.