आशेचा दोर खिडकीत बांधा

शास्त्रवाचन : यिर्मया २९:४-१४



बेंगळूरूच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेला लागून आनेकल तालुका आहे. याच तालुक्यातील अत्तिबेलेवरून होसूरचा महामार्ग सीमा ओलांडतो. सेवेसाठी वा पोटापाण्यासाठी इकडे येऊन राहिलेल्या आम्हां मराठी ख्रिस्तजनांना या सीमेने पुष्कळ शिकवले आहे.

कावेरीच्या पाण्यावरून डिसेंबर १९९१ मध्ये बेंगळूरूत दंगल उसळली आणि कितीएक तमिळ कुटुंबे घरदार सोडून गेली. १२ सप्टेंबर २०१६ रोजी पुन्हा तमिळनाडूच्या गाड्या पेटवल्या गेल्या, संचारबंदी लागली. त्या रात्री माझ्या मनात प्रथम आलेला विचार असा होता की, आपण मराठी आहोत, ही आग आपल्यासाठी नाही. गुडघे टेकले तेव्हा त्या विचाराची मला लाज वाटली. शेजारी भयात असताना आपल्यापुरत्या मिळालेल्या सुटकेला आशा म्हणता येत नाही. आणि ती सुटका तरी कोठे टिकली? डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नावरून बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तर पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले.

मग परमुलखात राहणाऱ्याने आशा कशावर ठेवावी?

बाबेलातील बंदिवानांपुढे हाच प्रश्न होता. दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल, असे हनन्या सांगत होता. यिर्मयाने मात्र सत्तर वर्षांचा काळ सांगितला आणि घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे लिहून पाठवले. ते नगर शत्रूचे होते, हे विसरू नका! सातव्या वचनात 'शालोम' हा इब्री शब्द तीनदा येतो. भाषांतर करताना एकदा शांती, एकदा हित, एकदा कल्याण असे शब्द बदलण्याचा मोह होतो. पण त्याने संदेष्ट्याचे म्हणणेच निसटते. यजमानाचे शालोम वेगळे आणि पाहुण्याचे वेगळे, असे देवाजवळ नाही.

अकराव्या वचनातील 'आशा' या शब्दासाठी मुळात 'तिकवा' आहे. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोराच्या वर्णनातही हाच शब्द आढळतो. नगरावर संकट येत असता तिने दोर बांधला आणि आईबाप, भाऊबंद यांना आपल्या घरात गोळा केले. आशा म्हणजे मनाला वाटणारा दिलासा एवढेच नव्हे. ती हातांनी बांधावी लागते, आणि तिच्या आसऱ्याला इतरांनाही घ्यावे लागते.

म्हणून, प्रिय वाचका, तू ज्या गावी आहेस त्या गावाची भाषा शीक. त्याच्या तळ्यांसाठी, अधिकाऱ्यांसाठी, रस्त्यावर उतरलेल्या संतप्त तरुणांसाठीही नित्य प्रार्थना कर. आज ज्याची भाषा लोकांच्या डोळ्यांत सलते, त्याच्यासाठी आपले दार उघड. यिर्मयाचे पत्र वाचणाऱ्या अनेकांनी परतीचा दिवस पाहिला नाही. तरी त्यांनी मळे लावले, आणि फळे त्यांच्या मुलांनी खाल्ली.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तूही बालपणी मिसरात परका होतास. आम्हांला आमच्यापुरती सुटका मागू देऊ नकोस. या नगराचे शालोम तेच आमचे शालोम, हे आम्हांला शिकव. आमेन.