सहलीतलं वावर

यवतमाळमधल्या बालवाडीची उन्हाळी सहल शेतावर न्यायची, तर दाखवायचं काय? मे महिन्यात कोरडवाहू वावरात कापूस नसतो. पऱ्हाट्या उपटलेल्या असतात, काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात. म्हणून आपण झोके, बैलगाडी आणि उसाचा रस असलेलं शेत निवडतो. तीन वर्षांच्या मुलाला कर्जाचा हिशेब सांगू नये, हे मान्य. पण फक्त सजवलेलं शेत दाखवणं हे खोटं बोलणं नाही का?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. तिथं कुरण हा देखावा नव्हता, मुलांचं रोजचं जग होतं.

मला वाटतं, सकाळच्या गारव्यात रिकामं वावरही दाखवावं. हातात ढेकूळ द्यावं. सांगावं, “पाऊस आला तर इथे कापूस येतो.” त्यातला ‘तर’ मूल मोठेपणी समजून घेईल. आज तो गाळू नये, एवढंच.