वारा, पाणी आणि धुण्याचा हौद



आज पेन्टेकॉस्टचा सण. प्रेषितांवर पवित्र आत्मा आला तेव्हा घरभर वाऱ्याचा नाद भरला, हे आपण आजच्या वाचनात ऐकले. रात्री भेटायला आलेल्या निकदेमालाही प्रभू येशूने वाऱ्याचाच दाखला दिला होता. वारा स्वतः दिसत नाही. त्याने काय हलले, तेवढे दिसते.

म्हणून आज एका पवनचक्कीची गोष्ट सांगतो.

फ्रान्समधील ल मां शहरात एर्नेस्त-सिल्वें बोले नावाचे कारागीर होते. चर्चच्या घंटा ओतणे हा त्यांचा धंदा. आडनाव आपल्या कानाला तरी धंद्याला शोभणारे! १८६८ साली त्यांनी वाऱ्यावर चालणाऱ्या एका यंत्राचे पेटंट घेतले. उंच खांबावर पात्यांची दोन चक्रे असत. पुढचे स्थिर, मागचे फिरणारे. स्थिर चक्र वाऱ्याला वळण देऊन फिरत्या चक्रावर सोडी. बाजूला एक लहान चाक असे. वाऱ्याने दिशा बदलली की ते यंत्राचे सगळे डोके वाऱ्याकडे वळवी. वरची गती दांड्याने खाली विहिरीच्या पंपापर्यंत पोचे आणि पाणी टाकीत चढे.

श्रीमंतांच्या वाड्यांना हे पाणी मिळाले. पण काही गावांत ते सार्वजनिक धुणीघरालाही मिळाले. वर छप्पर, मध्ये दगडी हौद, काठावर कपडे घासायला उतरते दगड आणि तिथे गुडघे टेकून धुणाऱ्या बाया. अशी धुणीघरे बांधायला फ्रान्सच्या सरकारने १८५१ साली कायदा करून मदत देऊ केली होती. घंटा ओतणाऱ्या घराण्याची करामत अशी त्या बायांच्या हातांपर्यंत पोचली.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकताना 'आद्य कारण' आणि 'निमित्त' यांवर दिवस दिवस वाद घालत असू. मला वाटते, ही पवनचक्की तो धडा सोपा करते. वारा तिचा नव्हे, पाणीही तिचे नव्हे. ती फक्त वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, आणि मिळालेले खाली पोचवते. आपल्या कुंडलिकेचेच पाहा. सह्याद्रीपलीकडच्या मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याचे वीजघर चालवते आणि मग कुंडलिकेत उतरून रोहा-अष्टमीला येते. देणारा वेगळा, मधले सारे निमित्तमात्र.

कृपेचेही असेच आहे. पवित्र आत्मा आपण निर्माण करत नाही. आपल्या हाती दोनच गोष्टी आहेत: तोंड त्याच्याकडे वळवणे आणि मिळालेले खाली जाऊ देणे. पहिली गोष्ट आपण हौसेने करतो. गायन, प्रार्थना, नोव्हेना यांत आपण कमी नाही. दुसरीचे काय?

इथे मला माझीच चूक कबूल केली पाहिजे. गेल्या महिन्यात मंडळाच्या दोन बैठका आपण चर्चच्या नव्या स्पीकरवर घालवल्या. त्याच आठवड्यात एका दुपारी मी मागच्या अंगणात गेलो. वेदीवरची वस्त्रे धुणारी आपली एक भगिनी हातपंपावरून तिसरी कळशी आणत होती. मागचा नळ होळीपासून कोरडा होता. मी विचारले, "सांगितले का नाहीत?" त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही मीटिंगमध्ये होतात."

त्या पांढऱ्याशुभ्र वस्त्रावर मी रोज ख्रिस्ताचे शरीर ठेवतो. ते शुभ्र कसे राहते, हे तीन महिन्यांत मी एकदाही विचारले नव्हते. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने स्वतः कमरेला टॉवेल बांधून, घंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतले. पाणी भरणाऱ्यांच्या आणि धुणाऱ्यांच्या रांगेत तो स्वतः जाऊन बसला, आणि त्याचा सेवक म्हणवणारा मी मात्र मीटिंगमध्ये होतो.

बंधुभगिनींनो, स्पीकर थांबू शकतो. आधी नळ. आणि नळ दुरुस्त झाला म्हणजे काम संपले असे समजू नका. आपापल्या घरी पाहा: आपल्यासाठी कोण वाकून धुते, कोण लांबून पाणी आणते, आणि त्यांना शेवटचे कधी विचारले? पवनचक्की नुसतीच फिरत राहिली आणि खाली हौद कोरडा राहिला, तर तिचे फिरणे हा केवळ आवाज होय.

आज मिस्सानंतर, ज्यांना जमेल त्यांनी पाच मिनिटे मागच्या अंगणात या. पान्हा मी आणतो.

आपला धर्मगुरू