जमलं तर येतो

बुलियन म्हटलं की आम्हा कॉमर्सवाल्यांच्या डोळ्यांपुढे सोन्याचांदीच्या लगडी येतात. मुलाच्या पुस्तकातल्या बूलियन बीजगणितात मात्र दोनच नाणी चालतात : खऱ्याला १, खोट्याला ०. सुट्टे मिळत नाहीत.

हे गणित जॉर्ज बूलचं. इंग्लंडातल्या लिंकन गावच्या मोच्याचा हा मुलगा पदवी नसताना १८४९ साली आयर्लंडात, कॉर्कच्या कॉलेजात प्राध्यापक झाला आणि १८५४ साली त्याने विचारांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. आज बँकेतला कॉम्प्युटर त्याच्याच हिशेबाने चालतो. यातली बेरीजही न्यारी : १ 'किंवा' १ बरोबर १. कॅश काउंटरवर अशी बेरीज करून पाहा, संध्याकाळी घरी कोण सोडतो ते कळेल!

तसं हे शास्त्र आम्हाला परकं नाही. जॉइंट खात्यावर 'दोघांनी मिळून' लिहिलं की ते 'आणि' : दोन्ही सह्या हव्यात. 'दोघांपैकी कोणीही' म्हणजे 'किंवा' : एक सही पुरे. बहुतेक नवराबायकोंचं खातं 'किंवा'वर चालतं आणि संसार 'आणि'वर.

खरी गंमत आहे 'जर-तर'मध्ये. त्याच्या कोष्टकात चार ओळी. 'जर' खरं निघालं आणि 'तर' खोटं, एवढ्या एकाच ओळीत विधान खोटं. उरलेल्या तिन्हींत खरं. म्हणजे 'जर'च घडलं नाही, तर पुढे काहीही बोला, विधान खरंच! 'मी पंतप्रधान झालो तर घरटी एक हत्ती देईन,' हे माझं वचन शंभर टक्के खरं आहे. आपलं निम्मं सौजन्य याच सवलतीवर उभं आहे. 'सवड झाली तर नक्की भेटू', 'आमच्या बाजूला आलात तर जेवायलाच या'. खोटं कोण बोललंय?

आमच्याकडे एक पेन्शनर आजोबा दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येतात. परगावचा मुलगा त्यांना दरवर्षी फोनवर सांगतो, 'जमलं तर दिवाळीला येतो.' त्याला जमत नाही. 'जर' शून्य, 'तर' शून्य, विधान १. पोरगा कोष्टकाप्रमाणे सत्यवचनी. आजोबांनी मात्र माळ्यावरची गादी काढून उन्हात घातलेली असते.

आता सांगा, हे खरं बोलणं झालं का? माझ्या मते नाही. पाऊस पडेल की नाही, हे आपल्या हातात नसतं. 'जमणं' बरंचसं असतं. जे 'जर' आपल्याच हातात आहे, त्याच्या आड लपणारा माणूस खोटा ठरत नाही, एवढंच. बोलणारा 'जमलं तर' म्हणतो, ऐकणाऱ्याला फक्त 'येतो' ऐकू येतं. वाट पाहणाऱ्यासाठी कोष्टकात रकाना नाही. ज्याने खरोखर धडपड केली आणि गाडी चुकली, तो वेगळा; त्याला आजोबाही ओळखतात.

यायचं नसेल तर सरळ 'नाही' म्हणावं. बूलच्या गणितात 'नाही' ही 'आणि'-'किंवा'च्या बरोबरीची मानाची क्रिया आहे. तिला जोडीदार लागत नाही, अट लागत नाही. आणि निदान गादी तरी माळ्यावरच राहते.